मिसेस पॉडचा डावा गुडघा

सौदीतल्या यान्बूच्या कंपनी वसाहतीतले गोरे लोक त्या डिसेंबरात ज्या वेगाने निघून गेले, तो वेग त्यांनी कधी कामात दाखवला असता तर प्लांटचं तिसरं युनिट वेळेवर सुरू झालं असतं. इराकने कुवेत गिळल्याला चार महिने होऊन गेले होते आणि जानेवारीच्या मध्यावर लढाई पेटणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. "आम्ही कुठे जातोय!" असं सोमवारी म्हणणारे गुरुवारी बायकापोरांसह विमानतळावर. आपल्या लोकांचं तसं नव्हतं. आपले पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली कफीलकडे, म्हणजे आपल्याला नोकरीवर आणणाऱ्या सौदी मालकाकडे. त्यात इंजिनियर लोकांना देश सोडायची परवानगीच बंद झाली होती. म्हणजे लढाई आली तरी हजेरी चुकणार नव्हती.

श्रीकांत गायधनी हा त्यांतलाच एक. मूळचा नाशिकचा, प्लांटवर इन्स्ट्रुमेंट विभागात. त्याचा साहेब मॉस हाही पळाला आणि जाताना घराची किल्ली श्रीकांतच्या हातावर ठेवून गेला. "गॅस, पाणी बंद कर, हवं ते घे, बाकीचं फेकून दे," एवढंच म्हणाला. सात वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाने निदान पाठीवर थाप मारावी की नाही? पण घाईत माणसाला पाठ कुठे असते हेच आठवत नाही.

श्रीकांत शुक्रवारी सकाळी मॉसचं घर आवरायला गेला. बायको प्रमोदिनीला भांडी हवी होती. ती काढताना कपाटाच्या वरच्या फळीवर, चिनीमातीच्या थाळ्यांमागे, बुटांचं खोकं सापडलं. त्यात कॅसेटी होत्या, रेडिओवरून घरगुती भरून घेतलेल्या. एकीवर पेन्सिलीने दोनच शब्द होते, ‘फॉग आयलंड’. श्रीकांतच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

त्याने मॉसचाच टेपरेकॉर्डर सुरू केला. आधी खरखर, मग समुद्राचा आवाज, आणि मग तो धुक्याचा भोंगा. रेड्याला सर्दी व्हावी तसा. श्रीकांत त्या रिकाम्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसला आणि एकटाच हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

हा भोंगा त्याने पंचवीस वर्षांपूर्वी नाशिकला ऐकला होता, नानांच्या मांडीला मांडी लावून. नाना म्हणजे त्याचे वडील. ते मागच्या महायुद्धात बसऱ्याला वायरलेस ऑपरेटर होते. तिथे त्यांना गोऱ्या सोल्जरांबरोबर रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांचं वेड लागलं. घरी परतल्यावर तारखात्यात चिकटले, पण वेड सुटलं नाही. आठवड्यातून एकदा, ऑफिसातून आल्यावर, ते व्हॉल्वच्या रेडिओपुढे बसून शॉर्टवेव्हचा काटा केसाकेसाने सरकवत. त्या वेळी घरात कोणी भांडं वाजवलं तर त्याची खैर नसे. मग विलायत सापडायची, आणि समुद्रातल्या त्या बेटावरचं मोडकं हवामान केंद्र घरात यायचं.

केंद्राचा प्रमुख कॅप्टन ब्रॅमली. त्याची सगळी यंत्रं बिघडलेली, पण रोज जहाजांना हवामान सांगायचं म्हणजे सांगायचं. केंद्राची स्वयंपाकीण मिसेस पॉड, वजनदार बाई. पाऊस यायच्या आधी तिचे गुडघे दुखतात आणि तिचा अंदाज कधी चुकत नाही. म्हणून कॅप्टन चोरून तिला विचारतो आणि मग मोठ्या ऐटीत जहाजांना सांगतो, "डावा गुडघा चार, उजवा सात, उतरता." त्यावर तिकडे शेकडो माणसं खदखदून हसत. श्रीला इंग्रजीचा गंध नव्हता. नाना हसले की तो हसायचा.

"नाना, ही हसणारी माणसं कोण?" त्याने एकदा विचारलं होतं.

"ज्यांच्याकडे रेडिओ नाही ती," नाना म्हणाले होते. "बिचाऱ्यांना तिथे जाऊन ऐकावं लागतं."

आणि नेमका विनोद आला की शॉर्टवेव्ह दगा द्यायची. आवाज बुडून जायचा, वर यायचा तेव्हा तिकडे हशा चालू. मग मधलं काय झालं ते नाना स्वतः सांगायचे, मराठीत, कॅप्टनचा आवाज काढून. मिसेस पॉडने कॅप्टनच्या चहात मीठ टाकलं, कॅप्टनने तिला लग्नाची मागणी घातली, तिने गुडघ्याला विचारून सांगते म्हटलं. आता मॉसच्या स्वयंपाकघरात श्रीकांतने सबंध भाग न बुडता ऐकला, आणि त्यात यातलं काहीही नव्हतं. ना मीठ, ना मागणी. नानांनी सगळं पदरचं घातलं होतं. मूळ कार्यक्रम तसा बेताचाच होता. श्रीकांतला नानांची इतकी आठवण आली की त्याने तिथल्या तिथे टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

नाना दिवाळीपासून अंथरुणाला खिळले होते. अर्धं अंग गेलं होतं, वाचा बसली होती. धाकटा भाऊ सुशील फोनवर सांगायचा, "कोणाला ओळखत नाहीत रे. नुसते छताकडे बघतात. डॉक्टर म्हणतात, जुनं काही कानावर पडू द्या, कधीकधी उपयोग होतो." श्रीकांतने रजेसाठी तीन दारं ठोठावली आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, लढाई संपू दे. पण नाना तोवर थांबतील, याची खात्री कोण देणार? आपल्याला जाता येत नाही तर निदान हा भोंगा जाऊ दे, असं त्याने ठरवलं.

जाणारा माणूसही मिळाला. आकिब, दाभोळचा, प्लांटवर परांची बांधायच्या टोळीत होता. यान्बूत मराठी बोलणारी चार डोकी, त्यामुळे तो सुटीच्या दिवशी गायधन्यांकडे यायचा. प्रमोदिनीला वहिनी म्हणायचा आणि पुरणपोळीसाठी जीव टाकायचा. त्याचं लग्न ठरलं होतं, निदा नावाच्या मुलीशी. कंत्राटी माणसांना अजून सोडत होते, तेवढ्यात तो निसटणार होता.

श्रीकांतने दुसऱ्या कोऱ्या कॅसेटवर तो भाग उतरवून घेतला. दुसऱ्या बाजूला थोडी टेप उरली.

"अहो, तेवढी तरी रिकामी कशाला पाठवता?" प्रमोदिनी म्हणाली. शेजारणीची वाटी कधी रिकामी परत न करणारं घर ते. दोन लाडू नाहीत तर निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही तिची शिकवण. "दोन शब्द बोला ना त्यांच्याशी. तुमचा आवाज ऐकला तर ओळखतीलही."

श्रीकांतला पटलं. तो खिडकीशी बसला, बटण दाबलं, आणि काय बोलावं ते सुचेना. मग समोर दिसत होतं तेच सांगत सुटला. "नाना, मी श्री. इथे मी ठीक आहे. खिडकीतून सगळं बंदर दिसतं. टँकर रांगेने उभे आहेत, आज नऊ. परवापासून दोन अमेरिकन जहाजंही आली आहेत, राखाडी रंगाची, उत्तरेच्या धक्क्याला. आम्हाला मास्क दिलेत. भोंगा झाला की पाण्याच्या टाक्यांमागच्या तळघरात जायचं. चारुताला मास्क घातला की ती हसते, तुमची नात शोभते. तुम्ही बसऱ्याला असेच होतात ना? मी लवकर येतो. थांबा माझ्यासाठी." एवढं बोलला आणि टेप संपली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मुलगा बापाशी बोलत होता. त्याच्या डोक्यात बंदर नव्हतं, धक्का नव्हता, नाशिकची खाट होती.

आकिब पुडकी गोळा करायला आला. सौदीतून कोणी मुलखात निघालं की सगळ्यांची पुडकी त्याच्या पिशवीत जातात. कोणाचं औषध, कोणाचं अत्तर, कोणाच्या पोराचे बूट. नेणारा उघडून बघत नाही आणि देणारा सांगत बसत नाही. कोकणातली माणसं त्याला अमानत म्हणतात. तपासणीवाल्याने विचारलं की सामान कोणाचं, तर म्हणायचं, सगळं माझंच. दुसऱ्याचं म्हटलं की शंभर प्रश्न.

"साहेब, गाण्यांची नाय ना?" आकिबने कॅसेट हातात घेत विचारलं. "गाणी असली की काढून घेतात व्हो."

"गाणी नाहीत," श्रीकांत म्हणाला. "नुसता हशा आहे."

"मग काय, हसत नेतो," असं म्हणून आकिबने ती कॅसेट लग्नाच्या शेरवानीच्या घडीत ठेवली.

आठवड्याने जेद्दाहून फोन आला. मोहियुद्दीन बोलत होते, आकिबचे मामू. बलद नावाच्या तिथल्या जुन्या बाजारात त्यांचं घड्याळांचं दुकान होतं, तीस वर्षं. हळू बोलणारा माणूस.

"गायधनी साहेब, आकिबला विमानतळावर अडकवलानी. तीन दिवस झाले."

"कशासाठी?"

"एक कॅसेट होती सामानात. इंग्रजी बोलतात त्यात, आकडे सांगतात. आणि मागच्या बाजूला आपल्या भाषेत कोणीतरी बोलतं. त्यांनी विचारलं कोणाची, तर पोर म्हणाला माझी." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "सवयीने म्हणाला. मग शब्द फिरवायला तयार नाही."

श्रीकांतच्या तोंडचं पाणी पळालं. प्रमोदिनी समोर उभी होती, तिला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"त्यांच्याकडे उर्दूवाला आहे, मराठी येणारा कोणी नाही," मोहियुद्दीन पुढे म्हणाले. "शिकलेला माणूस आणून देतो, असं मी कबूल केलंय. तुम्ही या. तिथे काय सांगायचं ते तुमच्या हातात. मी काही विचारत नाही."

विचारत नाही म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

श्रीकांत लगेच निघाला, असं लिहायला बरं वाटलं असतं. तो निघाला नाही. दुसऱ्या गावी जायला कंपनीचा कागद लागतो, आणि तो कागद मागायला तो पहिल्या दिवशी गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी गेला तर कारकून जागेवर नव्हता, आणि त्याला त्याचं बरंच वाटलं. प्रमोदिनीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "मीच म्हटलं बोला म्हणून," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. आणि मग, "तुम्हाला ठेवून घेतलं तर मी चारुताला घेऊन इथे काय करू? ना पासपोर्ट, ना माणूस." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आठ वर्षांची चारुता विचारायची, "बाबा, व्हाय इज आई क्राइंग?" आणि दोघंही तिला लढाईचं नाव सांगायची. सांगायला लढाईसारखं सोयीचं दुसरं काही नसतं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती खरोखरच सुरू झाली. बगदादवर बाँब पडल्याची बातमी सकाळी रेडिओने सांगितली आणि वसाहतीतली माणसं मास्क गळ्यात अडकवून हिंडू लागली. लढाई सुरू झाल्यावर हेर म्हणून पकडलेल्या माणसाचं काय होतं, हे श्रीकांतला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने कारकुनाच्या टेबलापाशी ठाण मांडलं, कागद घेतला आणि शनिवारी जेद्दाची बस धरली.

वाटभर एका बाजूला समुद्र होता. श्रीकांत तोंडातल्या तोंडात एकच वाक्य घोळवत होता, ‘ती कॅसेट माझी आहे, तो आवाज माझा आहे.’ इंग्रजीत म्हणून पाहिलं, हिंदीत म्हणून पाहिलं. जेद्दा येईपर्यंत ते वाक्य त्याला इतकं पाठ झालं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणाला असता.

मोहियुद्दीन त्याला एका साध्या इमारतीपर्यंत घेऊन गेले. दारावर पाटी नव्हती. ते स्वतः बाहेरच थांबले. आतला अधिकारी तरुण होता, दाढी नीट कातरलेली, बोलणं सभ्य. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्याने उठून हात मिळवला, खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुम्ही इंजिनियर. एवढ्या लांबून आलात. आम्हाला फार मदत होईल," तो इंग्रजीत म्हणाला.

चहाचा पेला हातात आला आणि घोळवलेलं वाक्य त्या चहाबरोबर पोटात गेलं. तो आला होता आरोपी म्हणून, आणि बसवलं होतं भाषांतरकार म्हणून. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कोणाला नको असतो? आधी मराठी बाजूचा काहीतरी साधा अर्थ सांगावा, आकिब सुटेल, आपणही सुटू. त्याला हा विचार त्या क्षणी शहाणपणाचा वाटला.

मग दुभाष्या म्हणून तो उर्दूवाला आला, आणि त्याच्या मागोमाग आकिबला आणलं. त्याचा डावा डोळा सुजून मिटला होता आणि तो एक हात दुसऱ्या हाताने धरून चालत होता. श्रीकांतकडे त्याने एकदा पाहिलं, बसथांब्यावरच्या परक्या माणसाकडे बघावं तसं. ओळख दाखवली नाही.

अधिकाऱ्याने टेप सुरू केली. भोंगा वाजला.

"ही खूण कशाची?"

"भोंगा आहे. धुक्यात जहाजांना इशारा देतात तो."

"जहाजांना," अधिकारी म्हणाला. "पुढे. लेफ्ट नी, चार. लेफ्ट नी कुठे आहे?"

"कुठे नाही. तो गुडघा आहे. स्वयंपाकिणीचा."

"कोण स्वयंपाकीण?"

"मिसेस पॉड."

"ती आता कुठे असते?"

"ती खरी नाही, सर. हा विनोदी कार्यक्रम आहे. फार जुना." आणि श्रीकांत तो विनोद समजावून सांगू लागला. यंत्रं बिघडलेली, बाईला संधिवात, कॅप्टनला लाज. त्याने आयुष्यात इतकं कष्टाचं काम केलं नव्हतं. प्रत्येक वाक्यागणिक तो विनोद मरत होता, आणि मागे टेपमधली माणसं खदखदून हसत होती.

"मी दोन वर्षं ब्रिस्टलला शिकलो," अधिकारी शांतपणे म्हणाला. "तिथे मला असं बोलणारा एकही माणूस भेटला नाही. आणि हे लोक कोण हसतायत? कुठे बसलेत?"

श्रीकांतच्या जिभेवर नानांचं उत्तर आलं होतं. त्याने ते गिळलं. "प्रेक्षक आहेत," तो म्हणाला.

"हा म्हणतो त्याला इंग्रजी येत नाही," अधिकाऱ्याने आकिबकडे बोट केलं. "पण पहिल्या दिवशी भोंगा वाजला आणि हा हसला. खूण माहीत नसेल तर माणूस हसेल कशाला?"

श्रीकांतने त्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं. तो भोंगा ऐकून न हसणं कठीण होतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं! भाषेचा गंध नसताना तोही हसलाच होता, आणि त्याला कोणी मारलं नव्हतं. उलट जवळ ओढून घेतलं होतं.

अधिकाऱ्याने कॅसेट उलटली. "आता तुमची भाषा."

‘नाना, मी श्री.’ टेपमधला आवाज बारीक आणि परका वाटत होता, कोणाही माणसाचा वाटावा असा. श्रीकांत ऐकत राहिला आणि संपल्यावर म्हणाला, "एक मुलगा आजारी वडिलांशी बोलतोय. तब्येतीची चौकशी. देवाची प्रार्थना. इथलं काम ठीक चाललंय, पगार वेळेवर मिळतो."

"टँकर हा शब्द मी ऐकला. अमेरिकन हाही ऐकला. ते शब्द सगळ्या भाषांत तेच असतात."

"तो म्हणतो, टँकरवरचं काम अवघड आहे. आणि अमेरिकन... अमेरिकन कापड पाठवतो म्हणतो."

अधिकाऱ्याने टेपरेकॉर्डर बाजूला सारला. मग पुढे झुकला. "सर, हे पोर गाढव आहे, मला ठाऊक आहे. ओझं वाहतं. मला हा बोलणारा हवा आहे. तो मिळाला तर याला मी आज सोडतो. तुम्ही हा आवाज ओळखता?"

आकिबने मान वर केली. त्या एका उघड्या डोळ्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. तो फक्त वाट बघत होता, श्रीकांत काय म्हणतो याची.

"नाही," श्रीकांत म्हणाला. "नाही ओळखत."

आकिबने मान खाली घातली. मग हिंदीत म्हणाला, "मेरा दोस्त था, साब. मुल्क चला गया. खलास."

"मग त्याचं उत्तर तू दे," अधिकारी म्हणाला, आणि श्रीकांतचा चहा थंड झाला म्हणून त्याने दुसरा मागवला. श्रीकांत तोही प्यायला. सभ्य माणसाला नाही कसं म्हणायचं?

बाहेर मोहियुद्दीन उभे होते. त्यांनी विचारणार नाही म्हटलं होतं, आणि खरंच विचारलं नाही. श्रीकांतला बसपर्यंत सोडलं, वाटेसाठी खजुराची पुडी दिली आणि सलाम केला. त्या माणसाने एक थोबाडीत मारली असती तर श्रीकांतने त्याचे उपकार मानले असते.

घरी प्रमोदिनीने दार उघडलं. "काय झालं?"

"झालं," तो म्हणाला.

तिने पुढे विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. त्या दोघांनी एवढं एकमेकांना सांभाळून घेतलं, आणि त्याची दोघांनाही लाज वाटत राहिली. लढाई तिकडे रियाध-दहरानला होत राहिली. यान्बूत एकही बाँब पडला नाही. श्रीकांत कामावर जायचा, काटे बघायचा, घरी यायचा. मॉसच्या कॅसेटी त्याने खोक्यासकट कचऱ्यात टाकल्या. खिडकीचा पडदा तो आता उघडत नसे.

लढाई संपली, टीव्हीवर झेंडे नाचले. मग मोहियुद्दीनचा एकदाच फोन आला. आकिबला थेट कोठडीतून विमानात बसवलं होतं. पासपोर्टवर शिक्का मारून दिला होता, पुन्हा या मुलखात पाऊल ठेवायचं नाही म्हणून. "निदाच्या घरचे थांबलेत," ते म्हणाले, "पण आता पोराची नोकरी नाही, बघू कितपत थांबतात." आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी नाशिकहून सुशीलचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"दादा, तुझा माणूस येऊन गेला रे!"

"कोण माणूस?"

"आकिब. मुंबईला उतरला आणि गावी न जाता आधी इकडे आला. म्हणाला, साहेबांची कॅसेट राहिली, पण आत काय होतं ते मला ठाऊक आहे, रोज ऐकलीय. अमानत हाय, पोचवायला हवी. खाटेपाशी बसला, आणि सुरूच झाला. ‘नाना, मी श्री. इथे मी ठीक आहे.’ आम्ही दचकलोच. टँकर काय, जहाजं काय, चारुताचा मास्क काय. बोलणं सगळं कोकणातलं, पण तुझंच रे. शेवटी म्हणाला, ‘थांबा माझ्यासाठी.’"

श्रीकांतने भिंतीला हात टेकला.

"आणि दादा, नानांनी त्याचा हात धरला. म्हणाले, ‘श्री.’ स्पष्ट म्हणाले! दिवाळीपासूनचा पहिला शब्द. त्याच्या डोळ्यावरून हात फिरवत राहिले. डोळा अगदीच गेलाय रे त्याचा. काय झालं विचारलं तर म्हणाला, साइटवर लागलं."

"मग?"

"मग काय, जेवायला थांब म्हटलं, तर थांबला नाही. आम्ही नानांना सांगितलं नाही की तो तू नव्हेस. कशाला सांगायचं? आता दाराकडे बघत असतात सारखे. बरं, थांब, त्यांच्या कानाला फोन लावतो. वायर पोचते. बोल तू."

खरखर झाली. मग पलीकडून श्वास ऐकू येऊ लागला, जड आणि ओळखीचा.

"नाना," श्रीकांत म्हणाला, "नाना, मी श्री."

श्वास तसाच चालू होता. "नाना, मी श्री बोलतोय. यान्बूहून," तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. प्रमोदिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सुशीलचा आवाज आला, जरा ओशाळलेला. "नाही रे दादा, तुला नाही ओळखलं. मान हलवून नाही म्हणतायत."